स्टेपनीखालचा आकडा

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

नमस्कार. 'विनंती विशेष' वगैरे लिहीत बसत नाही. विनंती तू केली आहेस, आणि विशेष काय ते पुढे येईलच.

तुझं पत्र मिळालं. बारा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच आहे, गोल गोल, पाहुण्यांसमोर बसल्यासारखं. वर 'प्रिय दहा नंबर' असं लिहिलंयस. ते लिहायला नको होतंस. मला दहा नंबर फक्त बाबा म्हणायचे. दहा नंबरच्या पान्यासारखी सगळीकडे लागते आणि हवी तेव्हा सापडत नाही म्हणून. बाबा गेले, आणि त्यांच्या तोंडचं नाव तुझ्या हाताला शोभत नाही. पुढच्या वेळी वर काहीच लिहू नकोस. पाकिटावर माझा पत्ता असला की मला कळतं पत्र मलाच आहे.

फोन का उचलत नाहीस, असं विचारलंयस. तुझ्याशी जे बोलायचं ते मी कागदावरच बोलणार. कागद किती कामाला येतो ते मी तुझ्याकडूनच शिकले.

असो. गाडी.

तू लिहितोस, 'लांब पल्ल्याची, वर्षानुवर्षं टिकणारी, मध्येच दगा न देणारी जुनी गाडी हवी. विकणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.' हे वाचून मी शेडमध्ये एकटीच इतकी हसले की शेजारचा वेल्डर चष्मा वर करून डोकावून गेला. आयुष्यभर ज्याने जुन्या गाड्या विकल्या, त्याचा विकणाऱ्यांवर विश्वास नाही! बरोबरच आहे म्हणा. तुझ्याइतकं त्यांना कोण ओळखणार?

गाडी कुणासाठी, जायचं कुठे, यातलं काही लिहिलं नाहीस. दुकान विकलंस, आता हातपाय मोकळे झाले, वहिनीला घेऊन फिरायचं असेल असं मी धरून चालले. फिर बाबा. तुझं तेवढंच राहिलं होतं.

आता टिकणारी गाडी कशी निवडतात ते ऐक. लोक रंग बघतात, सीटं बघतात, गाणी लागतात का ते बघतात. गाडी टिकते ती आधीच्या मालकाच्या स्वभावावर. चिडका माणूस क्लच जाळतो. आळशी माणूस ऑइल बदलत नाही. दिखाऊ माणूस गाडी रोज धुतो आणि बॉनेट वर्षातून एकदा उघडतो. म्हणून मी आधी मालकाशी गप्पा मारते, मग गाडीशी. इंजिन गार असताना चालू करायला लावते, कारण गार इंजिनाला खोटं बोलता येत नाही. विकणारा हुशार असला तर मी यायच्या आधीच गरम करून ठेवतो. मग मी नुसता बॉनेटवर हात ठेवते, कोमट लागलं की 'येते हं' म्हणून घरी. ऑइलचं झाकण काढून आतून बघते. आणि पॅडलची रबरं बघते. चाळीस हजार चाललेल्या गाडीच्या ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर काय ते समजायचं. आणि रबर कोरं करकरीत नवं असेल, तर जास्तच समजायचं.

हे सगळं बाबांनी शिकवलं. तुलाही शिकवत होते, पण तू बाहेर खुर्चीत गिऱ्हाइकाशी बोलत असायचास. तुझे हात स्वच्छ असायचे. म्हणून तर तपासणीचे कागद तू भरायचास. मी दिवसभर गाडीखाली. ग्रीसचे हात दिवसातून एकदाच रॉकेलने धुवायचे, आणि त्या एकदा धुतलेल्या हातांनी त्या दिवसाच्या सगळ्या कागदांवर सह्या करून परत खाली सरकायचे. आकडे तू मागाहून भरायचास. आपल्या वर्कशॉपची रीतच होती ती, सही आधी आणि आकडे मागाहून. भावाबहिणीत काय एवढं!

आणखी एक रीत होती, आठवते? गाडी आली की बाबा डिकीतली स्टेपनी उचलायचे, आणि तिच्याखालच्या पत्र्यावर हातोडी-पंचने मीटरचा आकडा आणि तारीख ठोकायचे. म्हणायचे, मीटर फिरवता येतं, पत्रा फिरवता येत नाही. तू हसायचास. 'तिथे कोण बघायला जातंय, बाबा?'

तर तुझ्यासाठी एक गाडी बघून ठेवली आहे. चंदेरी रंगाची, एकाच मालकाची, बावन्न हजार चाललेली. विकणारा बाजाराच्या टोकाला बसतो. सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं असं की मध गळावा. तुला तुझ्या तरुणपणाची आठवण येईल. दार लावलं की आवाज कसा भरीव येतो ते बघच. पॅडलची रबरंसुद्धा अगदी नवीकोरी आहेत. तू फक्त मीटर बघ, मीटर तुला वाचता येतंच. वीस तारखेच्या आत घे, नाहीतर दुसरं कुणी उचलेल.

मी तपासली आहे.

तुझी बहीण

&nbsp;

९ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

ती चंदेरी गाडी घेऊ नकोस.

हे पत्र पोचायच्या आत तुझ्या लेकीने तुला सांगितलं असेल. काल तिला फोनवर मी एवढंच म्हणाले की ती घेऊ नका, का ते मी दादाला लिहून कळवते. तर हे कारण.

ती गाडी बावन्न हजार नाही, दीड लाखाच्या पुढे चालली आहे. मला पाच मिनिटांत कळलं. रबरं नवी, आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड पार बसलेली. टायमिंग बेल्ट मूळचाच आहे आणि त्याला बारीक भेगा आहेत. तो महिन्यात तुटेल नाहीतर वर्षात तुटेल, पण तुटणार. चालत्या गाडीत तुटला की इंजिन बंद, स्टिअरिंग दगडासारखं जड, ब्रेकवर उभं राहिलं तरी गाडी थांबता थांबत नाही. हे सगळं मी बघितलं, हात पुसले, घरी आले आणि तुला लिहिलं, 'मी तपासली आहे.' खोटं कुठे लिहिलं? तपासली होतीच.

मुद्दाम लिहिलं. तू पत्र नीट वाचलं असतंस तर रबरांपाशीच तुला कळलं असतं. पण तू वाचणार नाहीस, हेही मला ठाऊक होतं. तू कधी कुणाचं ऐकून घेतलंयस? मला तू रस्त्याच्या कडेला उभा हवा होतास. बॉनेट उघडलेलं, तू आत बघतोयस आणि तुला ओ की ठो कळत नाहीये. मला हवं होतं की येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं, 'कुणी घेऊन दिली हो ही?' तू म्हणावंस, 'बहिणीने.' आणि तुझ्या बाजूने एकानेही बोलू नये. बारा वर्षं मी हे चित्र मनात घोळवलंय. कधी कधी त्यात पाऊसही घालायचे.

मग काल तुझ्या लेकीचा फोन आला. परका नंबर म्हणून उचलला.

"आत्या, मी बोलतेय. तू गाडी बघून दिलीस ना, मला इतकं बरं वाटलं! बाबा म्हणाले, तिने तपासली म्हणजे मुंगीला डोळे मिटून बसवायचं."

मी म्हटलं, "मुंगी कोण?"

"माझी पोरगी गं. सात वर्षांची आहे. एका जागी बसत नाही म्हणून मुंगी."

मग तिने सगळं सांगितलं. मुंगीच्या किडन्या काम करत नाहीत. तीन मार्चपासून आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, तिला दीडशे किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात न्यायचं, मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं आणि संध्याकाळच्या आत परत आणायचं. जावई बोटीवर नोकरीला, लेकीला गाडी चालवता येत नाही, म्हणजे चालवणार तू. आठवड्याला नऊशे किलोमीटर. किती वर्षं ते डॉक्टरही सांगत नाहीत. "म्हणून टिकणारी हवी गं," म्हणाली. मागून पोरीचा आवाज येत होता, "आई, कोणाशी बोलतेस? आई, कोण आहे? कोण?"

फोन ठेवला आणि सकाळसाठी पाने पिशवीत भरले.

हे तू पत्रात का नाही लिहिलंस, दादा? मला दया येईल म्हणून? की मी नाही म्हणेन म्हणून? एक ओळ लिहिली असतीस तर माझ्या हातून हे झालं नसतं. बघ, परत मी तुलाच दोष देतेय. सवय लागली आहे. तूच लावलीस.

बाईंची आठवण झाली. आपल्या गणिताच्या बाई, तुला मला दोघांनाही अपूर्णांक शिकवणाऱ्या. त्यांनी तुझ्याकडून विटकरी रंगाची गाडी घेतली ती आपल्याच भरवशावर. ती गाडी मी तपासली होती. मीटरवर एक लाख अडतीस हजार चारशे होते, या डोळ्यांनी बघितले होते. मी तुला म्हटलं, बेल्ट बदल आणि मग विक. 'हो गं, हो' म्हणालास. मी रीतीप्रमाणे सही केली, मीटरचा आणि बेल्टचा असे दोन रकाने कोरे ठेवून. पहिल्यात तू अठ्ठेचाळीस हजार चारशे लिहिलंस. दुसऱ्यात लिहिलंस, 'ठीक'.

दोन वर्षांनी उतारावर तो बेल्ट तुटला. गाडी भिंतीवर गेली आणि बाईंचा उजवा हात कोपरापासून कामातून गेला. फळ्यावर लिहायचा हात. आणि तू चार माणसांत हात वर केलेस. "गाडी धाकटीने तपासली. ही बघा सही." सगळं खापर माझ्या डोक्यावर. मी गळा फाडून सांगत होते आणि तू तो कागद माझ्या नाकासमोर धरून उभा होतास, चेहरा असा की तुलाच केवढं वाईट वाटतंय.

आणि बारा वर्षांनी मी काय केलं? तेच. गोड पत्र, फिरवलेलं मीटर, भेगा पडलेला बेल्ट. मंगळवार ते रविवार, पाच दिवस मी तू झाले होते. आधीच्या कशाबद्दल मी तुला माफ केलेलं नाहीच, पण या पाच दिवसांबद्दल तर मरेपर्यंत करणार नाही.

त्या सोनेरी चष्मेवाल्याकडे आज सकाळी जाऊन आले. त्या गाडीचा बेल्ट त्याच्यासमोर काढून त्याच्या टेबलावर ठेवला. आता बेल्ट घातल्याशिवाय ती कुणाला विकता येणार नाही.

दुसरी गाडी बघते. थांब. आणि मुंगीला नीट जेवू घाला, पथ्याचं काय ते लेकीला विचारून.

धाकटी

&nbsp;

२१ फेब्रुवारी, शनिवार

दादा,

गाडी मिळाली. म्हणजे ती माझ्याकडेच होती.

दहा दिवसांत तेरा गाड्या बघितल्या. गारेगार इंजिनं चालू करून बघितली, मालकांच्या बायकांशी गप्पा मारल्या, गाड्यांखाली पाठ टेकून कंबर धरली. एकीवरही मुंगीला बसवावंसं वाटेना. चौदावी माझ्या शेडच्या मागे उभी होती. मी तिच्यातूनच त्या तेरा बघायला जात होते, हा माझा मूर्खपणा.

विटकरी. हो, तीच. बाईंची.

सहा वर्षांपूर्वी बाईंच्या भाच्याने ती भंगारात काढली, तेव्हा मी आणली. कशाला आणली म्हणशील. खरं सांगू? तुझ्या दारात नेऊन पेटवायची होती. दोरीने ओढत आणली, शेडमध्ये उभी केली, आणि पेटवायच्या आधी एकदा इंजिन उघडून बघावं असं वाटलं. सवय. वाकलेल्या व्हॉल्व्ह काढल्या, मग हेड काढलं, मग सगळंच काढलं. वर्षभर संध्याकाळी पाच ते सात मी दुसरं काही केलं नाही. पेटवायचं राहूनच गेलं. आता ती अशी चालते की बसणाऱ्याला झोप लागावी. बेल्ट मी दर पन्नास हजाराला बदलते, तुटायची वाट बघत नाही. ऑइलची तारीख दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेली असते. साधं इंजिन आहे, नखरे नाहीत, कुठल्याही गावच्या मेकॅनिकला कळेल असं. नीट ठेवलीस तर मुंगी वयात येईपर्यंत धावेल.

मीटरवर आज तीन लाख बारा हजार साठ आहेत. डोळे चोळू नकोस, बरोबर वाचलंस. तू मागे नेलेले नव्वद हजार मी परत पुढे आणले. या धंद्यात मीटर पुढे फिरवणारी मी एकटीच असेन. वेल्डर म्हणाला, "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

आता तू विचारशील, बरोबर नव्वद हजार हे सिद्ध कशावरून? माझ्या शब्दाला तर तुम्ही कुणीच विचारलं नव्हतं. तेच सांगायचं आहे. दोन पत्रं झाली, मी इकडचं तिकडचं लिहितेय आणि याच्याभोवती फिरतेय.

ती गाडी शेडमध्ये आणली त्या दिवशी मी पहिल्यांदा स्टेपनी उचलली. तिथे काही नसणार हे मला माहीत होतं. कारण त्या वेळी, तू तो कागद सगळ्यांना दाखवत होतास तेव्हा, मी बाबांच्या हातापाया पडले होते. म्हटलं, "बाबा, स्टेपनीखाली बघा. तुम्ही खरा आकडा ठोकला असेल. एवढं एकच करा." बाईंच्या घरचे मला फाटकात उभं करत नव्हते, म्हणून बाबा गेले. तासाभराने आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "बघितलं. काही नाही तिथे. त्या गाडीचं राहून गेलं असणार. सही तुझी आहे, पोरी. उद्यापासून येऊ नकोस." बाबा खोटं बोलतील हे माझ्या मनालाही शिवलं नाही. मी त्या रात्री माझे पाने घेऊन निघाले ती निघालेच. पुढे तीन वर्षांनी बाबा गेले, तेव्हाही मी शेवटच्या रांगेत उभी होते आणि त्यांना मनातल्या मनात म्हणत होते, तुमचा नाइलाज होता.

दादा, तिथे दोन आकडे आहेत.

वरचा १३८४००. तारीख, गाडी आपल्याकडे आली त्या दिवसाची. त्याच्याखाली १५१४००. आणि तारीख, ते 'काही नाही' म्हणाले त्या दिवसाची.

म्हणजे ते गेले. स्टेपनी उचलली. स्वतःच्या हाताने ठोकलेला आकडा बघितला. मीटरवर तेव्हा एकसष्ट हजार चारशे होते, त्यात तू चोरलेले नव्वद मिळवले, खिशातून पंच काढला आणि खरा आकडा ठोकला. रीत मोडली नाही. स्टेपनी परत वर ठेवली, घरी चालत आले आणि माझ्या तोंडावर म्हणाले, काही नाही.

खरं होतं ते त्यांनी पत्र्यावर ठेवलं, आणि तुला वर्कशॉपमध्ये ठेवलं.

मी रडले नाही. मोठी हातोडी घेतली आणि डिकीच्या झाकणावर हाणत सुटले. म्हणून ती डिकी अजून नीट बसत नाही, दोन्ही हातांनी दाबून लावावी लागते. लेकीला सांगून ठेव.

तुझ्यावरचा राग सोपा होता रे. तू होतासच तसला. लहानपणी माझी पेन्सिल मोडून वर तूच रडायचास. पण त्यांचं मी काय करू? ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं, दहा नंबर म्हणून हाक मारली, त्यांना माहीत होतं. मेलेल्या माणसावर सूड कसा उगवायचा ते मला येत नाही. म्हणून तुझ्या वाट्याला दोघांचा येतोय. त्यांना माहीत आहे हे तुला माहीत होतं का? याचं उत्तर लिहू नकोस. ते 'हो' असेल याची मला भीती वाटते.

आता कामाचं. परवा, गुरुवारी, मी गाडी तुमच्याकडे आणून सोडली. तुझ्या मागच्या गल्लीत, बाईंच्या फाटकासमोर उभी आहे. दोन दिवस सकाळी गच्चीतून तुला विटकरी काही दिसलं असेल, तर तो भास नव्हता.

बाईंनी इंजिनाच्या आवाजानेच दार उघडलं. केस पांढरेशुभ्र झालेत, पण नजर तीच, पाढा चुकला की रोखायच्या ती.

"आता काय तपासायला आलीस?" म्हणाल्या.

"काही नाही, बाई. चावी ठेवायला आले. दादा येईल, तुम्हाला काहीतरी सांगेल. मग त्याला द्या. नाही सांगितलं तर देऊ नका."

"काय सांगणार आहे तो?"

"एक जुनं गणित आहे. उत्तर त्याच्याकडे आहे."

त्या म्हणाल्या, "बारा वर्षं मी तुझ्यावर चिडून आहे, माहिती आहे ना?"

"माहिती आहे."

"मग चावी माझ्याकडे कशाला?"

मी म्हटलं, "कारण उत्तर बरोबर असल्याशिवाय तुम्ही गुण देत नाही."

हसल्या नाहीत. डावा हात पुढे केला आणि चावी घेतली. उजवा पदराखाली होता. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "तुझा भाऊ रोज दिसतो गं. 'कशा आहात बाई' म्हणतो. हाताकडे मात्र बघत नाही."

मी त्यांना काही सांगितलेलं नाही. मी सांगून उपयोग नाही, माझी सही आहे ना. तू सांगायचं. मीटर कुणी फिरवलं, बेल्टपुढे 'ठीक' कुणी लिहिलं, आणि सही केलेल्या बहिणीला कुणी तोंडघशी पाडलं. उभ्याने सांग किंवा बसून सांग, पण हाताकडे बघून सांग. मग चावी घे. चाव्या दोनच होत्या, दुसरी मी वितळवून टाकली आहे. वेल्डर साक्षीला आहे.

घाबरू नकोस, मुंगीची एकही फेरी चुकणार नाही. तेवढी मी तू नाही. तीन मार्चला सकाळी सहा वाजता मी बाईंच्या फाटकाशी हजर असेन. चावी तुझ्या हातात दिसली तर आल्या पावली परत फिरेन, तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. नाही दिसली तर माझी कामाची गाडी आहे, मी तुझ्या दारात येईन आणि मुंगीला मीच घेऊन जाईन. गुरुवारीही, शनिवारीही, पुढच्या मंगळवारीही. जायला अडीच तास, यायला अडीच तास. तुझी लेक म्हणते, पोरगी एक मिनिट गप्प बसत नाही, सारखं कोण आणि का. पहिलाच प्रश्न असेल, आजोबा का नाही आले?

मी मुलांशी खोटं बोलत नाही, दादा. येताना बाईंच्या फाटकाशी थांबू, त्या ठेचलेल्या डिकीला चावी लागत नाही, आणि मी तिला स्टेपनी उचलून दाखवेन. सात वर्षांची आहे, आकडे वाचता येतात तिला.

तेव्हा ठरव, कुणाला सांगायचं ते. बाईंना तू, की मुंगीला मी.

सोबत गाडीचा तपासणीचा कागद आहे. मीटर, बेल्ट, ब्रेक, टायर, सगळं माझ्या हाताने लिहिलं आहे. आधी आकडे, मग सही. सही करताना हात धुतले नव्हते. कडेला काळा अंगठा उठलाय, तो माझाच.

धाकटी

(एकही रकाना कोरा सोडलेला नाही. बघून घे.)